पशुवैद्यकाविरुद्ध तक्रार: चौकशी कशी चालते आणि तक्रारी कुठे गळतात

जनावर दगावते, माणूस संतापतो, तक्रार करतो. सहा-आठ महिन्यांनी दोन ओळींचे पत्र येते: सबळ पुराव्याअभावी तक्रार निकाली काढण्यात येत आहे. पशुसंवर्धन खात्यात असताना अशा तक्रारींच्या चौकश्या माझ्याकडे येत, त्यामुळे असे शेरे मीही लिहिले आहेत. त्यातल्या कितीतरी प्रकरणांत तक्रारदाराचे म्हणणे खरे असावे, असे मला तेव्हाही वाटत होते. पण गाय पुरली गेली होती, बाटल्या उकिरड्यावर गेल्या होत्या, आणि अर्ज चुकीच्या कार्यालयात पडला होता. हातात काहीच नसताना चौकशी अधिकारी कोणाला दोषी धरू शकत नाही, धरूही नये.

म्हणून हा लेख कामाच्या क्रमाने लिहिला आहे. क्रम बदलू नका. पहिल्या दिवशीचे काम दहाव्या दिवशी करता येत नाही.

टप्पा १: तक्रार नेमकी कशाची, ते ठरवा

तीन गोष्टी एकमेकींत मिसळल्या जातात.

पहिली, उपचाराला अपयश. गाय व्याली, बसली, सलाईन लावले, तरी उठली नाही. डॉक्टरने रीतसर उपचार केले असतील तर यात दोष नाही. निदानातली प्रत्येक चूक म्हणजेही निष्काळजीपणा नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात माणसांच्या डॉक्टरांबाबत हेच सांगितले: त्या शाखेतल्या सर्वसाधारण कुशल माणसाने जे केले असते ते केले का, हा प्रश्न, त्याहून चांगला उपाय होता का, हा नाही. जनावरांच्या डॉक्टरांनाही हीच फूटपट्टी लावली जाते.

दुसरी, निष्काळजीपणा. जार (व्याल्यावर पडायची वार) हाताने ओढताना गर्भाशयाला इजा झाली आणि ती लक्षात येऊनही टाके न घालता निघून गेले. भूल देण्यापूर्वी कुत्र्याला तपासलेच नाही. इथे करायचे ते केले नाही, किंवा करू नये ते केले.

तिसरी, व्यावसायिक गैरवर्तन. जनावर न पाहता दिलेला आरोग्य दाखला. कुत्रा समोर नसताना लसीकरणाच्या पुस्तिकेवर मारलेला शिक्का. विम्यासाठी निरोगी जनावर आजारी दाखवणे. आपल्या नावाच्या पाटीखाली अपात्र माणसाला इंजेक्शने देऊ देणे. दुसऱ्याकडे रुग्ण पाठवून कमिशन घेणे. भारतीय पशुवैद्यक परिषदेने १९९२ साली वर्तन, शिष्टाचार आणि नीतिमत्तेची विनियमावली केली, ती अशा वागणुकीसाठीच आहे.

मला विचाराल तर खोटा दाखला सिद्ध करणे सर्वांत सोपे. दाखल्यावर तारीख असते, सही असते, नोंदणी क्रमांक असतो. त्या दिवशी जनावर किंवा डॉक्टर दुसरीकडे होते हे दाखवले की काम झाले. तरी लोक तक्रारीत दाखल्याला एक ओळ देतात आणि 'उपचार चुकले' यावर चार पाने खर्च करतात. चौकशी मग त्या चार पानांत अडकते.

तपासा: तुमचा आरोप एका वाक्यात, 'यांनी अमुक दिवशी अमुक केले' किंवा 'अमुक केले नाही' असा लिहून पाहा. वाक्य 'माझी गाय मेली' यापाशीच थांबत असेल तर अजून आरोप तयार झालेला नाही.

टप्पा २: पहिला दिवस

या टप्प्यावर मी सर्वांत जास्त लिहिणार आहे, कारण निम्म्याहून अधिक तक्रारी इथेच संपतात.

*मृत जनावर*

जनावर पुरण्याआधी किंवा जाळण्याआधी शवविच्छेदन. ते उपचार करणाऱ्या डॉक्टरकडून करून घेऊ नका. तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या आणि त्यात स्पष्ट लिहा: 'उपचार करणाऱ्या पशुवैद्यकाव्यतिरिक्त अन्य नोंदणीकृत पशुवैद्यकाकडून शवविच्छेदन व्हावे.' अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. जवळ पशुवैद्यकीय महाविद्यालय असेल, मुंबईत परळला, शिरवळला, परभणीला, उदगीरला किंवा नागपूरला, तर तिथल्या विकृतिशास्त्र विभागात विचारा. तिथे सूक्ष्मदर्शकाखालची तपासणीही होऊ शकते.

वेळ फार थोडा असतो. गाय-म्हशीसारख्या रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात आंबण्याची क्रिया मरणानंतरही चालू राहते. पोट फुगते, आतले अवयव लवकर सडतात. उन्हाळ्यात रात्री मेलेली गाय दुसऱ्या दिवशी दुपारी उघडली तर यकृताचा लगदा झालेला असतो आणि अहवालात 'मृतदेह कुजल्याने निष्कर्ष काढता येत नाही' एवढेच येते. सावलीत ठेवा, ओली पोती टाका, आणि धावपळ करा.

कुत्रा-मांजर असेल तर मृतदेह फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. गोठलेल्या पेशी फुटतात आणि सूक्ष्म तपासणी वाया जाते. ही चूक शहरातले शिकलेले लोक सर्रास करतात.

सावधान: अचानक मेलेल्या जनावराच्या नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून काळपट, न गोठणारे रक्त येत असेल तर कोणालाही ते फाडू देऊ नका. तो अँथ्रॅक्स असू शकतो. शव उघडले की जंतूंचे बीजाणू बनतात, ते मातीत वर्षानुवर्षे टिकतात आणि माणसालाही रोग होतो. आधी खात्याला कळवा. रक्ताच्या काचपट्टीवरून निदान होते.

नमुन्यांबद्दल एक गोष्ट डॉक्टरांना आठवण करून द्यायला हरकत नाही. सूक्ष्म तपासणीचे तुकडे दहा टक्के फॉर्मेलिनमध्ये जातात. विषाच्या तपासणीचे नमुने फॉर्मेलिनमध्ये घालायचे नसतात. विषबाधेचा किंवा चुकीच्या औषधाचा संशय असेल तर ते शवविच्छेदनापूर्वीच लेखी सांगा. तसे असेल तर पोलीस पंचनामा आणि न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेची वाट धरावी लागते.

*बाटल्या, कुप्या, वेष्टने*

शवविच्छेदन सगळे सांगत नाही. दुग्धज्वरात (व्याल्यावर रक्तातले कॅल्शियम घटून गाय बसते त्या आजारात) कॅल्शियमची बाटली शिरेतून घाईने सोडली तर हृदय बंद पडू शकते, आणि नंतर गाय उघडली तरी 'याच कारणाने' असे दाखवणारी खूण बहुधा सापडत नाही. अशा वेळी बोलतात त्या रिकाम्या बाटल्या आणि घड्याळ.

एका वस्तीवर चौकशीला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. डॉक्टरांच्या खुलाशात लिहिले होते की कॅल्शियमची एक बाटली वीस-पंचवीस मिनिटे घेऊन सावकाश दिली. गोठ्याच्या कोनाड्यात, निरांजनाच्या काजळीने काळ्या झालेल्या भिंतीला टेकून, त्या घरच्या बाईंनी दोन रिकाम्या बाटल्या ठेवल्या होत्या. बॅच क्रमांक वाचता येत होता. 'टाकायला हात झाला नाही,' एवढेच त्या म्हणाल्या. त्यांच्या मुलाने मामाला दोन फोन केले होते: डॉक्टर आल्याचा सहा वाजून दहा मिनिटांनी, गाय कोसळल्याचा सहा वाजून एकोणीस मिनिटांनी. फोनच्या यादीतल्या त्या दोन ओळींनी खुलासा खोटा पडला. त्या घरी कोणाला कायद्याचा गंध नव्हता. नुसते काही टाकून दिले नव्हते.

म्हणून रिकाम्या बाटल्या, कुप्या, सुया टोपण लावून, औषधांची वेष्टने एका डब्यात भरा. वर तारीख लिहा, दोन शेजाऱ्यांसमोर डबा बंद करून त्यांच्या सह्या घ्या. तत्पूर्वी प्रत्येक लेबलाचा फोटो: नाव, बॅच क्रमांक, मुदत संपण्याची तारीख.

*कागद आणि फोन*

केस पेपर, चिठ्ठी, औषध दुकानाचे बिल, फीची पावती, ऑनलाइन पैसे पाठवल्याची नोंद, लसीकरण पुस्तिका, भूल किंवा शस्त्रक्रियेचे संमतिपत्र. जनावराच्या कानातला बारा अंकी बिल्ला फोटोत स्पष्ट दिसला पाहिजे. नाहीतर 'ही तीच गाय कशावरून' हा पहिला प्रश्न येतो. शव पुरण्याआधी बिल्ल्याचा फोटो घ्यायचा राहून जातो, हे मी इतक्यांदा पाहिले आहे की वेगळे सांगतो.

खासगी दवाखान्याकडे उपचाराच्या नोंदींची प्रत त्याच आठवड्यात लेखी मागा. नाही दिली तर त्या नकाराचाही पुरावा होतो. सरकारी दवाखान्यातली नोंद माहिती अधिकाराखाली मिळते: दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत.

व्हॉट्सअ‍ॅपवरचे बोलणे पुसू नका, आणि नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका. मूळ फोन जपा. न्यायालयीन कामात इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते, आणि ते मूळ उपकरण हाती असेल तर देणे सोपे जाते.

*घटनाक्रमाचे पान*

त्याच रात्री एका कागदावर तास-मिनिटांसह सगळे लिहून काढा. कोण आले, काय म्हणाले, कुठे टोचले, किती वेळाने काय झाले. जे दिसले तेवढेच. जे वाटले ते नको. खाली तारीख, सही. आठ महिन्यांनी सुनावणीत उभे राहाल तेव्हा स्मरणशक्ती दगा देते, हा कागद देत नाही.

टप्पा ३: समोरचा माणूस पशुवैद्यक आहे का?

हा प्रश्न कोणी विचारतच नाही. गावात इंजेक्शन देणारा प्रत्येक जण 'डॉक्टर' असतो. त्यांत बी. व्ही. एस्सी. अँड ए. एच. झालेला पशुवैद्यक असतो, पदविकाधारक पशुधन पर्यवेक्षक असतो, कृत्रिम रेतन करणारा असतो, आणि कधी औषध दुकानात काम करून शिकलेलाही असतो.

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ च्या कलम ३० नुसार पशुवैद्यकीचा व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यकानेच करायचा आहे. पदविकाधारकांना राज्य शासनाच्या आदेशाने किरकोळ सेवा देता येतात, म्हणजे लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी आणि शासनाने ठरवलेले तत्सम प्राथमिक उपचार. तेही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली.

राज्याची पशुवैद्यक परिषद फक्त नोंदणीकृत पशुवैद्यकावर कारवाई करू शकते, कारण तिच्या हातात नोंदवहीच असते. ज्याचे नाव वहीत नाही, त्याचे नाव काढणार कसे? नोंदणी नसलेल्याने शस्त्रक्रिया केली असेल तर तो गैरवर्तनाचा नव्हे, बेकायदा व्यवसायाचा विषय आहे. तक्रार पोलिसांकडे आणि जिल्हा पशुसंवर्धन कार्यालयाकडे करायची. मात्र त्याच्या मागे एखादा नोंदणीकृत डॉक्टर उभा असेल, त्याचा शिक्का किंवा चिठ्ठी वापरली गेली असेल, तर त्या डॉक्टरविरुद्ध परिषदेकडे स्वतंत्र तक्रार होते.

नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर किंवा दाखल्यावर असतो. नसेल तर महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेला, तिचे कार्यालय नागपूरला आहे, नाव आणि गाव देऊन लेखी विचारा. सीमाभागातल्या लोकांनी जास्त काळजी घ्यावी. चंदगडचा शेतकरी बेळगावच्या डॉक्टरकडे जातो, सावंतवाडीचा गोव्यात जातो. डॉक्टर ज्या राज्याच्या नोंदवहीत आहे, तक्रार त्या राज्याच्या परिषदेकडे.

टप्पा ४: दार निवडा

चार दारे आहेत आणि प्रत्येकातून वेगळीच गोष्ट मिळते. चुकीच्या दारात उभे राहणे ही पुराव्याच्या खालोखालची मोठी चूक.

राज्य पशुवैद्यक परिषद डॉक्टरच्या नोंदणीबद्दल निर्णय घेते. दोषी ठरल्यास नोंदवहीतून नाव काढता येते, काही काळासाठी किंवा कायमचे. नुकसानभरपाई ती देत नाही. तक्रारीच्या शेवटी 'मला दोन लाख रुपये मिळावेत' असे लिहिले तर मूळ मुद्दा बाजूला राहतो.

सरकारी डॉक्टर असेल तर पशुसंवर्धन खाते. इथे आधी प्राथमिक चौकशी, तथ्य दिसले तर महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ खाली दोषारोपपत्र आणि विभागीय चौकशी. शिक्षा ठपक्यापासून बडतर्फीपर्यंत. अर्ज जिल्हा पशुसंवर्धन उपआयुक्तांकडे. दवाखाना जिल्हा परिषदेचा असेल तर जिल्हा पशुसंवर्धन अधिकारी आणि मुख्य कार्यकारी अधिकारी यांच्याकडे. विभागीय चौकशीत तुम्ही साक्षीदार असता, पक्षकार नव्हे. हे माहीत नसल्याने लोकांना वाटते की आपल्याला डावलले. एकच प्रकरण परिषद आणि खाते दोन्हीकडे चालू शकते, कारण एकीकडे नोंदणीचा प्रश्न असतो आणि दुसरीकडे नोकरीचा.

पैसे हवे असतील तर जिल्हा ग्राहक आयोग. मुदत घटनेपासून दोन वर्षे. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर दाखल करण्याचे शुल्क नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा करता येतो. दोन खाचखळगे आहेत. जनावरांचा धंदा मोठा असेल तर 'व्यापारी हेतू' असा आक्षेप येतो. दोन-चार गाईंवर स्वतःच्या उपजीविकेसाठी दूध घालणाऱ्याला त्याचे उत्तर कायद्यातच मिळते. दुसरा खळगा सरकारी दवाखान्याचा. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालानुसार सर्वांना मोफत मिळणारी सेवा ग्राहक कायद्यात बसत नाही, आणि नुसत्या नाममात्र नोंदणी शुल्काने ते बदलत नाही. सरकारी दवाखान्याविरुद्ध ग्राहक आयोगात जाण्याआधी वकिलाचा सल्ला घ्याच.

पोलीस सर्वांत शेवटी. जनावर मारणे किंवा निकामी करणे यासाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३२५ आहे, पण त्याला नुकसान करण्याचा हेतू किंवा तशी जाणीव लागते. उपचारातली चूक त्यात सहसा बसत नाही. खोटा दाखला, बनावट सही, विम्याची फसवणूक यांसाठी मात्र पोलिसांकडे जायला हवे.

सावधान: गावच्या ग्रुपवर डॉक्टरचे नाव, फोटो आणि 'खुनी' असे शब्द टाकू नका. बदनामीची उलट तक्रार येते आणि मूळ प्रकरण मागे पडते. सरकारी दवाखान्यात कर्मचाऱ्यावर हात उगारला तर न्याय संहितेच्या कलम १३२ खाली गुन्हा तुमच्यावर नोंदवला जाऊ शकतो. मग तडजोडीला तुम्ही बसता, डॉक्टर नव्हे.

टप्पा ५: तक्रार लिहिणे

वाईट तक्रार अशी असते: 'डॉक्टरांच्या हलगर्जीपणामुळे माझी दीड लाखाची गाय मेली. त्यांचे लक्ष नसते, सगळ्यांचीच तक्रार आहे. कडक कारवाई व्हावी.' यात चौकशी करण्याजोगे एकही वाक्य नाही.

कामाची तक्रार अशी: '१२ मार्च रोजी सकाळी ७.२० वाजता अमुक डॉक्टर माझ्या गोठ्यावर आले. गाईचे तापमान घेतले नाही, हृदयाचे ठोके ऐकले नाहीत. ७.२५ वाजता मानेच्या शिरेत औषध सुरू केले. ७.३५ वाजता गाय कोसळली. डॉक्टर केस पेपर न देता निघून गेले. ७.४१ आणि ७.५० वाजता केलेले फोन त्यांनी घेतले नाहीत (परिशिष्ट ४). ११ मार्च या तारखेचा आरोग्य दाखला (परिशिष्ट ६) त्यांनी जनावर न पाहता दिला होता.' इथे प्रत्येक वाक्याला डॉक्टरला उत्तर द्यावे लागते.

कागद या क्रमाने लावा:

१. मुख्य तक्रार, शक्यतो दोन पाने. मराठीत चालते. डॉक्टरचे पूर्ण नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक वरच.
२. आरोप क्रमांक देऊन, एका क्रमांकात एकच आरोप.
३. घटनाक्रम.
४. साक्षीदारांची नावे, आणि त्यांनी प्रत्यक्ष काय पाहिले ते एका ओळीत.
५. परिशिष्टे, पानांना सलग क्रमांक. मूळ कागद देऊ नका. स्वतः सही केलेल्या प्रती द्या.
६. मजकूर खरा असल्याचे शपथपत्र. निनावी किंवा पोकळ तक्रारींपासून तुमची तक्रार यानेच वेगळी पडते.
७. मागणी. परिषदेकडे 'चौकशी करून नियमानुसार कारवाई', इतकेच.

स्पीड पोस्टने, नोंदणी आणि पोचपावतीसह पाठवा. दुसरी एक प्रत घरी, तिसरी दुसऱ्याच्या घरी.

दोन गोष्टी टाळा. 'यांनी इतरांचीही जनावरे मारली' असे ऐकीव लिहू नका. ज्यांची मेली त्यांनी आपापल्या सहीने वेगळी तक्रार करावी. आणि मंत्री, आमदार, आयुक्त, परिषद, पोलीस अशा दहा ठिकाणी एकच अर्ज पाठवू नका. तो फिरत फिरत शेवटी एकाच टेबलावर येतो, आणि दरम्यान प्रत्येक जण 'दुसरीकडे चौकशी सुरू आहे' असे कळवतो.

तपासा: प्रत्येक आरोपासमोर परिशिष्टाचा क्रमांक किंवा साक्षीदाराचे नाव आहे का? दोन्ही नसतील तर तो आरोप काढून टाका. एक कमकुवत आरोप बाकी तिघांना खाली ओढतो.

टप्पा ६: तक्रार पोहोचल्यावर आत काय होते

परिषदेत आधी छाननी. डॉक्टर आपल्या नोंदवहीत आहे का, तक्रारदार खरा आहे का, सांगितलेली गोष्ट सिद्ध झाली तर ती गैरवर्तन ठरेल का. शेवटचा प्रश्न नीट समजून घ्या. खरे-खोटे इथे ठरत नाही. 'फी जास्त घेतली', 'उर्मट बोलले' अशा तक्रारी बहुधा इथेच थांबतात.

मग तक्रारीची प्रत डॉक्टरला जाते आणि लेखी खुलासा मागवला जातो. लोक यावर चिडतात: 'आमची तक्रार त्यालाच दाखवली!' दाखवावीच लागते. कायद्यानेच नोंदवहीतून नाव काढण्याआधी म्हणणे मांडण्याची वाजवी संधी देणे बंधनकारक आहे. ती न देता काढलेला आदेश अपिलात उडतो. तुमच्या बाजूने लागलेला निकाल टिकायचा असेल तर ही पायरी तुम्हालाच हवी आहे.

खुलाशाची प्रत लेखी मागून घ्या आणि प्रत्युत्तर द्या. इथे नव्या तक्रारी सुरू करू नका. डॉक्टरचे विधान, त्याच्या समोर तुमचा पुरावा, बस. 'खुलाशातील परिच्छेद ३ मध्ये एक बाटली म्हटले आहे. परिशिष्ट ५ मधील फोटोत एकाच बॅचच्या दोन आहेत.'

वैद्यकीय मुद्दा असेल तर तज्ज्ञाचे मत घेतले जाते. ते मत तुम्हीही मागू शकता, आणि मागावे: महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या एखाद्या महाविद्यालयातील संबंधित विषयाच्या प्राध्यापकाचे, शक्यतो दुसऱ्या जिल्ह्यातल्या. 'परिषदेत सगळे डॉक्टरच, ते एकमेकांना वाचवणार' अशी शंका अनेकांना असते. ती तक्रारीत आरोप म्हणून लिहून काही साधत नाही. बाहेरचे तज्ज्ञमत मागितल्याने साधते. तज्ज्ञाला विचारायचे प्रश्नही लेखी सुचवा: या आजारात हे औषध या मार्गाने देतात का? देताना काय तपासावे लागते? नोंदीत ते दिसते का?

या टप्प्याला महिने लागतात. दर दोन महिन्यांनी तक्रारीचा आवक क्रमांक घालून एक ओळीचे स्मरणपत्र पाठवा. उत्तर नाही आले तर माहिती अधिकारात 'माझ्या अमुक क्रमांकाच्या तक्रारीवर आजवर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत' मागा. 'कारवाई का झाली नाही?' असे विचारू नका. कारणे नव्हे, कागद मागायचे असतात.

सावधान: मधल्या काळात ओळखीच्या माणसामार्फत तडजोडीचा निरोप येतोच. पैसे घ्यायचे की नाही हा तुमचा प्रश्न. पण 'माझी तक्रार गैरसमजातून होती' अशा वाक्याखाली सही केली तर पुढच्या प्रत्येक दारात तोच कागद तुमच्यासमोर येतो. भरपाई घेणारच असाल तर कागदावर फक्त रक्कम आणि तारीख येऊ द्या.

*ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, त्या डॉक्टरसाठी*

हा लेख वाचणाऱ्यांत पशुवैद्यकही असतील, म्हणून थोडक्यात. नोटीस आल्यावर केस पेपरमध्ये एक अक्षरही वाढवू नका. वेगळ्या शाईतली, ओळींच्या मध्ये घुसवलेली नोंद मी पाहिलेल्या प्रकरणांत मूळ चुकीपेक्षा महाग पडली. राहिलेली माहिती खुलाशात, 'ही त्या वेळी नोंदवली नव्हती' असे सांगून द्या. मुदतीत उत्तर द्या किंवा लेखी मुदतवाढ मागा. तक्रारदाराच्या घरी जाऊन बोलू नका, कोणाला पाठवूही नका. आणि चूक झाली असेल तर ती कशी झाली हे सरळ लिहा. माणसाची चूक चौकशी अधिकाऱ्याला समजते.

टप्पा ७: सुनावणी

मूळ कागदपत्रे, बंद डबा, मूळ फोन, साक्षीदार, आणि घटनाक्रमाची प्रत, इतके घेऊन जा. येणे शक्य नसेल तर आधी लेखी कळवून तारीख मागा. न कळवता गैरहजर राहिलात तर कागदांवरच निर्णय होतो.

बोलताना तारीख, वेळ, कृती. गाईचे दूध किती होते, ती घरातल्या माणसासारखी होती, हे सांगताना कंठ दाटून येतो, आणि तो येऊ द्यावा. पण लगेच मुद्द्यावर या, कारण वेळ थोडा असतो. 'माहीत नाही' हे उत्तर चालते. अंदाजाने दिलेले उत्तर पुढे खोटे निघाले तर खऱ्या उत्तरांवरचाही विश्वास जातो. साक्षीदारांना पढवू नका. तिघांनी एकच वाक्य जसेच्या तसे म्हटले की ते लगेच कळते.

जबाब नोंदवला जातो. सही करण्याआधी पूर्ण वाचा, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. चुकीची ओळ दुरुस्त करून घ्या आणि दुरुस्तीपाशी सही करा. घाईने सही करून नंतर 'मी तसे म्हणालोच नव्हतो' म्हटलेले कोणी ऐकत नाही.

टप्पा ८: आदेश आणि त्यानंतर

आदेशाची प्रमाणित प्रत मागा. तोंडी 'झालं तुमचं' यावर समाधान मानू नका. आदेशात तीन गोष्टी शोधा: प्रत्येक आरोपावर वेगळा निष्कर्ष आहे का, त्याची कारणे दिली आहेत का, आणि अपील कुठे व किती दिवसांत करायचे ते लिहिले आहे का. एखाद्या आरोपाचा उल्लेखच नसेल तर अपिलातला तो तुमचा सर्वांत मजबूत मुद्दा. अपिलाचे काही लिहिलेले नसेल तर त्याच आठवड्यात परिषदेला लेखी विचारा आणि वकिलाला कागद दाखवा.

परिषदेकडे तक्रार फेटाळली गेली म्हणून ग्राहक आयोगाचे दार आपोआप बंद होत नाही. पण दोन वर्षांचे घड्याळ घटनेपासून चालूच असते, परिषदेच्या निकालाची ते वाट पाहत नाही. भरपाई हवी असेल तर परिषदेची चौकशी चालू असतानाच आयोगात दावा लावा.

आदेश ज्या लिफाफ्यातून आला तो फेकू नका. त्यावरचा टपालाचा शिक्का आदेश हाती कधी पडला ते सांगतो, आणि अपील मुदतीत आहे की नाही यावर वाद झाला तर तोच दाखवावा लागतो. लिफाफा आदेशाच्या मागे टाचणीने लावा, वर स्वतःच्या हाताने मिळाल्याची तारीख लिहा, आणि फाईलमध्ये ठेवा.